आधी कोण

जळगावचा एप्रिल ज्यानं काढला त्यालाच ठाऊक. आमच्या ऑफिसात एकच कूलर होता आणि तो मशीनच्या खोलीत. माणसं तापली तरी चालतील, मशीन तापता कामा नये, असं भाईदास नानांचं धोरण. नानांचा नवी पेठेत छापखाना होता. लग्नपत्रिका, हँडबिलं, सोसायट्यांचे अहवाल असलं काम चालायचं. चौऱ्याण्णव साली त्यांनी छापखान्याच्या वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर आणला आणि जाहीर केलं की धुळे-जळगाव दोन्ही जिल्ह्यांची टेलिफोन डिरेक्टरी आपण मराठीत छापायची. पारोळ्याचा कापूसवाला इंग्रजीत नाव शोधत बसणार आहे का, असं ते ज्याला त्याला विचारायचे.

त्या ऑफिसातला पहिला प्रोग्रामर मी. रतिलाल भामरे. मशीन खोक्यातून काढलं ते माझ्या हातांनी, त्याची पूजा झाली तेव्हा नारळ फोडला तोही मीच. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे लोक भलतंच सांगतात.

माझं घर धुळ्याला, देवपूरला, पांझरेच्या पलीकडे. बायको लिला तिथल्या शाळेत शिकवायची, त्यामुळे तिला जळगावला आणता येईना. मी जळगावात एका खोलीत राहायचो, शनिवारी एस.टी. धरायची आणि सोमवारी पहिल्या गाडीनं परत. लग्न झाल्यापासून हेच. येताना लिला डबा भरून द्यायची, कधी भरीत, कधी कळण्याच्या भाकरी आणि ठेचा. सोमवार त्यावर निघायचा आणि मंगळवारपासून मी पुन्हा खानावळीतला पाहुणा.

नानांनी दुसरा प्रोग्रामर आणला तो अभिमन साळुंखे. पिंपळनेरचा. सडपातळ, सावळा, शर्टाच्या बाह्या नेहमी कोपरापर्यंत. मराठी चांगलं बोलायचा, पण कामात गुंगला की अहिराणी सुरू. "रतिलालभाऊ, आठे ठेवू का?" असं माझ्या टेबलाकडे बोट करून विचारत कागदाचे गठ्ठे उचलायचा. सुरुवातीला मला तो आवडला होता, खोटं कशाला बोलू. ज्याच्यापासून धोका नाही तो माणूस आपल्याला आवडतोच.

आता हा कॉम्प्युटरच्या सी भाषेतला मामला थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. नावं क्रमानं लावायची म्हणजे दोन-दोन नावं घ्यायची आणि मशीनला विचारत राहायचं, ह्या दोघांत आधी कोण? मशीन तीनच उत्तरं देतं. उणे आलं तर पहिलं आधी. अधिक आलं तर दुसरं आधी. शून्य आलं तर दोन्ही एकच. विचारायची फंक्शनं दोन. एक स्ट्रकंप. ते मुकाट्यानं अक्षरांचे नंबर बघतं आणि सांगून मोकळं होतं. दुसरं स्ट्रकोल. ते आधी बघतं की आपण कुठे आहोत. प्रोग्रामच्या सुरुवातीलाच त्याला सांगावं लागतं, बाबा रे, तू अमुक मुलखात आहेस. त्या मुलखाची एक फाइल असते, तिला म्हणतात लोकेल, आणि त्या फाइलीत जो क्रम असेल तोच खरा. मशीनबरोबर फ्रान्सचं लोकेल आलं होतं, जर्मनीचं आलं होतं. आमचं कोण पाठवणार?

मी आपलं स्ट्रकंप वापरून नावं लावली. नानांनी नमुन्याची पानं अमळनेरच्या एका निवृत्त हेडमास्तरांना दाखवली. ती लाल शाईनं न्हाऊन परत आली. मुळाक्षरांत शेवटी येणारी अक्षरं मध्येच घुसली होती, कोणी कुठे, कोणी कुठे. नानांनी पानं माझ्यासमोर टाकली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "रतिलाल, हे कोणत्या गावचं मराठी रे?" खालच्या छापखान्यातून वर आलेले कंपोझिटरसुद्धा हसले.

मग अभिमननं आपल्या मुलखाचं लोकेल तयार केलं. कोणाला न विचारता, न सांगता, डोकं खाली घालून. फाइलीला नाव दिलं खान्देश. पानं पुन्हा अमळनेरला गेली आणि हेडमास्तरांनी कोपऱ्यात फक्त 'उत्तम' लिहून पाठवलं. नानांनी पेढा आणून स्वतःच्या हातानं अभिमनच्या तोंडात घातला. मला पुड्यातला घ्यायला सांगितला.

माझ्या पोटात दुखलं. अहो, दुखणारच. मशीन मी लावलं, नारळ मी फोडला, आणि पेढा ह्याच्या तोंडात. त्या दिवसापासून त्याचं सगळंच माझ्या डोळ्यांत खुपायला लागलं, त्याच्या त्या कोपरापर्यंतच्या बाह्यासुद्धा.

आणि त्याच सुमारास नाना बोलले की डिरेक्टरी छापून झाली की देवपूरला शाखा काढायची. धुळ्याचं सगळं काम तिकडून. दोघांपैकी एकाला तिथे प्रमुख म्हणून पाठवणार.

देवपूरला! माझ्या घरापासून चालत जाण्याइतकं. म्हणजे रोज संध्याकाळी घरचं जेवण, रोज लिलाचा आवाज. एस.टी.च्या खिडकीतून चाललेला माझा संसार जमिनीवर येणार होता. आणि मध्ये कोण, तर हा पिंपळनेरचा पेढेखाऊ. सडाफटिंग माणूस, ना बायको ना बिऱ्हाड. त्याला देवपूर काय आणि भुसावळ काय, काय फरक पडणार होता?

मी ठरवलं, ह्याच्या कामात चूक काढायची. जगात बिनचुकीचा प्रोग्राम अजून कोणी लिहिलेला नाही.

दुपारी जेवणं झाली की ऑफिस पेंगायचं. नाना केबिनमध्ये आरामखुर्चीत, अभिमन नळावर तोंड धुवायला. मी एक छोटा प्रोग्राम केला. दोन नावं टाकायची, त्याचं लोकेल लावायचं, स्ट्रकोलला विचारायचं आणि उत्तर बघायचं. रोज दुपारी मी नावांच्या जोड्या टाकत बसायचो. अवघडात अवघड नावं शोधून काढायचो. उत्तर दर वेळी बरोबर. बरोबर आलं की मला घाम फुटायचा.

एका दुपारी कंटाळून मी माझंच नाव टाकलं. भामरे रतिलाल. आणि त्याच्यासमोर टाकलं, साळुंखे अभिमन. कसलीच अपेक्षा नव्हती. मुळाक्षरं कशीही लावा, मी आधी येतो, तेवढंच एकदा मशीनच्या तोंडून ऐकायचं होतं.

उत्तर आलं, शून्य.

मी पुन्हा टाकलं. शून्य. नावांची अदलाबदल केली. शून्य. मग मी पद्धतशीर सुरुवात केली, कारण मी काही भोळसट माणूस नाही. भामरे आणि मोरे, उणे, बरोबर. मोरे आणि साळुंखे, उणे, बरोबर. म्हणजे मी मोरेच्या आधी, मोरे साळुंखेच्या आधी, आणि मी आणि साळुंखे एकच! लोकेल काढून टाकलं, साधं स्ट्रकंप लावलं, तर चटकन उणे आलं. लोकेल पुन्हा लावलं की शून्य. मी त्याची फाइल ओळ न ओळ वाचली. त्यात आमची नावं असण्याचं कारणच नव्हतं, नुसती अक्षरं होती, एकाखाली एक, नीट.

कसं झालं ह्याच्याशी मला काय करायचं होतं? चूक सापडली होती. मी अक्षरशः पळत केबिनमध्ये गेलो आणि नानांना झोपेतून उठवून आणलं.

"नाना, हे बघा. तुमच्या पेढेवाल्याचं काम."

नानांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. "काय बघू?"

"ही दोन नावं बघा. एक माझं, एक अभिमनचं. आणि मशीन म्हणतं, दोन्ही एकच."

नानांनी वाकून दोन्ही ओळी बघितल्या. मग माझ्याकडे बघितलं. "मग एकच तर आहे. एकच नाव दोनदा टाकल्यावर मशीन दुसरं काय सांगणार?"

"नाना, नीट वाचा ना. मोठ्यानं वाचा."

त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवून नाव वाचलं. दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून पुन्हा तेच वाचलं. ते नाव माझं होतं की त्याचं, हे मी शेजारी उभा असून मला सांगता येईना. कोणाचं तरी नाव वाचलं जातंय एवढंच कानाला कळत होतं. नानांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "उन्हात हिंडू नकोस. कांदा ठेवत जा खिशात." आणि झोपायला गेले.

मी वळलो तर अभिमन दारात उभा. तोंड ओलं, खांद्यावर टॉवेल. तो आला, पडद्याकडे एकदा बघितलं आणि बटण फिरवून त्याचा उजेड पार घालवून टाकला.

"भाऊ, ही जोडी टाकायची नव्हती."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवशी टाकली होती मी. फाइल झाली, म्हटलं पहिली कोणती जोडी विचारू? तर तुमचं नाव आलं डोक्यात."

"माझंच बरं आलं?"

तो टॉवेलानं मान पुसत राहिला. "आणि तुम्ही का टाकलं?"

मी खुर्ची ओढून बसलो. मग तो खाली बघत हळूच म्हणाला, "शनवारले तुम्ही घर जातस ना, भाऊ. मी खिडकीतून देखस."

मला आठवलं, दर सोमवारी हा विचारायचा, वहिनींनी काय दिलं? मी डब्यातली एक भाकरी त्याच्यापुढे करायचो, कारण समोरच्याला न देता खाणं बरं दिसत नाही. तो ती लगेच खायचा नाही. आधी हातात धरून बसायचा. आणि मला वाटायचं, ह्याला देवपूर काय, भुसावळ काय! म्हणजे मी ह्याच्यावर जळतोय आणि हा माझ्यावर जळतोय. खरं सांगू? मला बरं वाटलं. कित्येक दिवसांत पहिल्यांदा छातीत गार वाटलं.

"मग काढ ना ती चूक," मी म्हटलं.

"शोधली, भाऊ. सापडत नाही. बठ्ठं बराबर शे, सगळं बरोबर आहे."

फाइल बदलायची तर नाना हातच लावू देईनात. हेडमास्तरांनी उत्तम म्हटलंय, आता त्यात बोट घालायचं नाही. छपाई सुरू झाली.

खाली चिंधाचं हॉटेल होतं. चहा तो स्वतः वर आणायचा. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बाकावर बसलो होतो, आणि चिंधानं एकच ग्लास ठेवला.

"अरे, दोन सांगितले होते."

"एकट्याला दोन कशाला?" चिंधा म्हणाला. "ऊन काय कमी आहे?"

मला वाटलं चेष्टा करतोय. मी ग्लास उचलला. चिंधानं खांद्यावरचं फडकं घेतलं आणि बाक पुसायला लागला. पुसत पुसत सरळ अभिमनवर आला, आणि त्याच्या गुडघ्याला हात अडल्यावर थांबला. हाताकडे बघितलं, बाकाकडे बघितलं आणि खाली गेला.

अभिमन हसला नाही. मीही नाही.

पुढच्या दिवशी मी मुद्दाम उशिरा गेलो. चहा येऊन गेला होता, ग्लास अभिमनच्या हातात होता, आणि मी दारातून आत आलो तर चिंधा माझ्या अंगावरच आला. धक्का लागला तसा दचकला, पण माझ्याकडे बघेना. मी ओरडलो, "चिंधा!" तो जिन्याकडे बघून म्हणाला, "कोण हाक मारतंय रे खालून?"

तेव्हा मला उमजलं. डिरेक्टरीच्या कामात आमचा नियमच होता. एकाच माणसाचा फॉर्म दोनदा आला आणि तुलना शून्य आली, की पहिली नोंद ठेवायची आणि दुसरी गाळायची. आणि दोन्ही सारखीच असली तर पहिली कोणती, ह्याची हमी सी भाषा देत नाही. जी आधी हाती लागेल ती.

मग काय! मी आधी हाती लागायला लागलो. सकाळी कुलूप उघडायला मी हजर. चहाला माझा हात पुढे. नानांनी केबिनमधून नुसतं खाकरलं तरी मी खुर्चीतून उठलेला. दिवसचे दिवस अभिमनशी ऑफिसात कोणी बोललं नाही. त्याच्या टेबलावर लोक गठ्ठे ठेवायचे, त्याच्या खुर्चीवर पिशव्या ठेवायचे, तो पिशव्या खाली ठेवून बसायचा. खानावळवाली त्याचं ताट मांडेना, म्हणून तो केळी खाऊन राहायला लागला. आनंद झाला का म्हणाल तर झाला. त्याच्या तोंडातला पेढा मी काढून घेतला होता आणि मला तो गोड लागत होता. त्याच्या कोपरापर्यंतच्या बाह्यांकडे मी आता मजेत बघायचो.

तो एकदाही भांडला नाही. एकदाही माझ्या आधी येऊन बसला नाही. कसा माणूस होता कोण जाणे.

डिरेक्टरी बांधून झाली त्या दिवशी नाना केबिनमधून बाहेर आले. आमच्या दोन टेबलांच्या मधोमध उभे राहिले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "देवपूरचं ठरलं. तू जा."

"हो नाना!" मी म्हणालो. अभिमननंही तोंड उघडलं होतं, पण त्याचा हो तोंडातच राहिला.

नानांची नजर माझ्यावर येऊन टेकली. "शाबास. शनिवारीच जा. खोल्या बघून ठेव."

झालं. जिंकलो. मी मनातल्या मनात लिलाला कितीदा तरी सांगून टाकलं. आता रोज, लिला, आता रोज संध्याकाळी.

शनिवारी पिशवी भरत होतो तर अभिमन खोलीच्या दाराशी आला. आता तो बोलायचा तेव्हा आवाज बारीक झालेला असायचा.

"भाऊ, मी पण येऊ का? तुमचं घर एकदा बघायचंय. मग तसाच साक्रीच्या गाडीनं घरी जातो. आई वाट बघत असेल."

"आहे कोण घरी?"

"आईच. झुंबरबाई. तिला तरी मी दिसेन ना, भाऊ?"

घरी येतो म्हणणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? आमच्याकडे तशी रीत नाही. म्हटलं, चल. जिंकलेल्या माणसाचा हात मोकळा असतो.

गाडीत कंडक्टरनं आमच्या बाकापाशी एकच तिकीट फाडलं. मी हात आधीच पुढे केला होता. एरंडोलला एक बाई चढली आणि तिनं भोकरीच्या लोणच्याची बरणी सरळ अभिमनच्या मांडीवर ठेवली. तो ती पारोळ्यापर्यंत धरून बसला. पारोळ्याला मी उसाचा रस घेतला, अर्धा पिऊन ग्लास त्याच्याकडे दिला. शेवटी माणूसच आहे. त्यानं ग्लास दोन्ही हातांत धरला. "वहिनी काय करतील आज?" त्यानं विचारलं.

"शनिवार आहे. वरण-बट्टी."

"कशी करतात? आधी वाफवून मग तळतात, का भाजतात?"

मी सांगितलं. त्यानं आणखी विचारलं. घरात किती खोल्या, माठ कुठे ठेवता, लिला शाळेतून किती वाजता येते, आल्यावर तुम्ही आधी काय करता. मी सगळं सांगत गेलो. आपल्या घराविषयी असं कौतुकानं कोणी विचारतंय म्हटल्यावर माणूस सुटतोच. मुकटी गेलं, फागणे गेलं, मी सांगतच होतो.

पांझरा कोरडीठाक होती. पूल ओलांडून रिक्षा गल्लीत शिरली तेव्हा उन्हात एक कुत्रंसुद्धा नव्हतं. बट्टीचा वास फाटकापर्यंत आला होता. दार नुसतं लोटलेलं होतं.

पायऱ्या मी आधी चढलो. अभिमन मागे. मी दाराला हात लावला.

आणि थांबलो. पाहुण्याला मागे ठेवून घरात शिरू नये, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. जिभेवरही आलं ते तसंच. आजवर त्याला अरे-तुरे करणारा मी बाजूला झालो, हात पुढे करून म्हणालो, "या. तुम्ही आधी."

अभिमननं माझ्याकडे बघितलं. चपला काढल्या आणि उंबरा ओलांडून आत गेला.

मी सँडलचा पट्टा सोडायला वाकलो.

"आलात का?" आतून लिलाचा आवाज. "हातपाय धुऊन घ्या. बट्ट्या काढतेच आहे."

मला हसू आलं. पाठमोरी असणार, न बघताच बोलतेय. मी दुसरा पट्टा सोडला.

"आज फार ऊन लागलं का हो? चेहरा बघा कसा उतरलाय."

माझा हात पट्ट्यावरच राहिला.

भांड्यांचा आवाज झाला. माठावरचं झाकण वाजलं. मग लिला ओट्यावर वाळत टाकलेला नॅपकिन घ्यायला बाहेर आली, आणि मला बघून उंबऱ्यातच थांबली.

"कोण पाहिजे?"

"लिला, मी आहे. आत कोण आहे बघ तरी."

ती एक पाऊल मागे सरली. तिचा चेहरा लाल झाला. "परक्या बाईला नावानं हाक मारता? लाज नाही वाटत?" आणि मान आत वळवून, "अहो, जरा बाहेर या. कोणीतरी आलंय बघा."

"आलोच."

आवाज अभिमनचाच होता. तोच पिंपळनेरचा हेल. माझ्यासारखा तो एवढासाही नव्हता, आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही. एवढी वर्षं हिचा नवरा मी. कानाला तरी कळावं की नाही? ते मला जेवढं लागलं तेवढं दुसरं काही लागलं नाही.

तो दारात आला. हात ओले होते, लिलानं नॅपकिन त्याच्या हातात दिला. तो पुसत पुसत माझ्याकडे बघत राहिला. निदान हा तरी मला ओळखत होता, ओळखायलाच हवं होतं.

"अभिमन," मी म्हटलं.

त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना. तो हसला, चांगलं हसला.

"उन्हाचे आलात," तो म्हणाला. "या ना, आत या. आता जेवूनच जा." आणि बाजूला होऊन मला वाट करून दिली.

मी आत गेलो. दुसरं कुठे जाणार होतो?

पाट मांडलेले होते. मी बसलो. लिलानं डाव्या हातानं पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढून घेतला, वरणाचं पातेलं पुढे सरकवलं, माझ्या ताटात बट्ट्या चुरल्या. तुपाची वाटी हातात घेऊन ती क्षणभर थांबली. माझ्याकडे तिनं बघितलं नाही. त्याच्याकडे बघून हळू आवाजात विचारलं, "पाहुण्यांना तूप किती वाढू?"

"भरपूर वाढ," तो म्हणाला. "लांबून आलेत."